मोरचुदाचा खडा

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात विजयमालेच्या मांडवाखाली सात बाया माना वर करून द्राक्षाच्या घडांना टोप्या घालत होत्या. टोपी म्हणजे मेण लावलेल्या पांढऱ्या कागदाचा वीतभर चौकोन, एका बाजूनं मध्यापर्यंत कापलेला. ती चीर घडाच्या देठावर सरकवायची, कडा एकमेकींवर आणायच्या आणि पिन मारायची. घडावर छत्री तयार. वीस गुंठ्यात दहा हजारांवर घड होते. सकाळपासून हात वर धरून बायांच्या दंडांत गोळे आले होते, आणि वरून गळणारा वाळका तूस डोळ्यांत जात होता.

"माझ्या नातवाला एवढं टोपडं कवा घातलं न्हाई," मनुबाई म्हणाली. ती सगळ्यांत म्हातारी, जिभेनं सगळ्यांत तरणी. "आन् ही बघा. एकेकाचं बारसं चाललंय."

"जपानात समदी आसंच करत्यात म्हणं," दुसरी बोलली.

"मग तिथल्या बायांच्या माना वाकड्याच आसतील."

बाया हसल्या. विजयमाला हसली नाही. ती पलीकडच्या ओळीत एकटीच काम करत होती. तिच्या हातून एकाही घडाची टोपी तिरकी बसत नव्हती.

ही द्राक्षं इथली नव्हती. कोशू नावाचं जपानी वाण. मणी फिकट गुलाबी, साल जाड, गोडी बेताची. गावाजवळच्या वायनरीचे मालक वीरधवल तीन-चार वर्षांपूर्वी लंडनच्या एका प्रदर्शनात गेले होते, तिथं त्यांनी पाहिलं की सगळ्यांत मोठी गर्दी एका कोपऱ्यातल्या जपानी पांढऱ्या वाइनपाशी आहे. पाण्यासारखी फिकट, हलकी, मासे-भाताबरोबर प्यायची वाइन. पूर्वी जपानबाहेर तिला कुणी विचारत नव्हतं, आता परदेशातली मोठमोठी हॉटेलं ती मागून घेत होती आणि जपानातला माल पुरत नव्हता. वीरधवलांनी सरकारी तपासण्या पार करून तिथल्या काड्या आणवल्या. जपानात हे वाण मांडवावर चढवतात. इथं घोगरवाडीत बाकी सगळ्यांनी मांडव मोडून इंग्रजी वाय आकाराचे लोखंडी अँगल उभे केले होते. जुने मांडव दोनच उरले होते: एक विजयमालेचा वीस गुंठ्यांचा, दुसरा तिच्या शेजारचा, तिचा चुलत दीर हंबीरराव याचा दोन एकराचा. दोघांच्याही खुंटांवर कलमं भरली गेली. यंदा पहिलं पीक. दोन्ही प्लॉटची वाइन वेगळी करायची, आणि जी चांगली निघेल तिच्या बाटलीवर त्या मळ्याचं नाव घालून बाहेर पाठवायची, असं ठरलं होतं. पुढच्या वर्षी चाळीस एकर लागण होणार होती. तिच्यावर देखरेख जिंकलेल्या मळ्याची.

विजयमालेला नाव नको होतं, देखरेखही नको होती. तिला हंबीररावाचा माल परत पाठवायचा होता.

नऊ वर्षांपूर्वी हाच हंबीरराव वायनरीच्या गेटवर माल तपासायला उभा असायचा. त्याच्या हातात ब्रिक्स मीटर, म्हणजे द्राक्षाची साखर मोजायची नळी. मणी पिळून थेंब काचेवर टाकायचा आणि उजेडाकडे बघायचं. विजयमाला आणि तिचा नवरा मानसिंग त्या वर्षी आपली पहिली वाइनची द्राक्षं ट्रॅक्टरमधून घेऊन गेले. सकाळी तिनं मागून आणलेल्या मीटरवर साखर बघितली होती, एकवीस भरली होती. वायनरीलाही एकवीसच हवी होती. हंबीररावानं क्रेटमध्ये हात घातला आणि सावलीकडच्या घडांच्या शेपटीचे पाच मणी तोडले. देठाजवळची वरची पाकळी आधी पिकते आणि घडाची शेपूट सगळ्यांत शेवटी, ते लहान पोरालाही ठाऊक असतं. थेंब टाकून तो म्हणाला, "सतरा."

"भावजी, वरच्या पाकळीचं बी घ्या की," विजयमाला म्हणाली होती.

गेटवर अकरा ट्रॅक्टर उभे होते. हंबीररावानं त्या सगळ्यांकडे बघून घेतलं, मग तिच्याकडे. "वैनी, आता तुमी मला द्राक्षं शिकवणार व्हय? गाडीत भरला म्हंजे माल झाला न्हाई. घेऊन जावा."

मानसिंग पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. उभ्या आयुष्यात त्यानं साहेबापुढे मान खाली घातली असेल, भावकीपुढे कधी नाही. त्या दिवशी तो ट्रॅक्टरवरून उतरला, धाकट्या चुलतभावासमोर हात बांधून उभा राहिला आणि म्हणाला, "एकदा परत बघ की, हंबीर." कुणीतरी मागं हसलं. तीन तास ट्रॅक्टर उन्हात उभा राहिला. क्रेटमधून रस गळून टायरवर माश्या बसल्या. मागून हंबीररावाच्या स्वतःच्या मळ्याचे चार ट्रॅक्टर आत गेले, त्या दिवशी टाकीत जागा तेवढीच होती. संध्याकाळी दोघांनी सगळे क्रेट ओढ्यात ओतले.

त्यानंतर मानसिंग मळ्यात गेला नाही. माधवनगरला एका बंद गिरणीवर पहाऱ्याची नोकरी त्यानं धरली. दर रविवारी घरी यायचा, जेवायचा, झोपायचा, पण मांडवाकडची वाट टाळून जायचा.

*

टोप्या बांधून झाल्या आणि जपानहून वाइनच्या जाणकार ओगावाबाई आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, डोक्याला कापडी हॅट. बरोबर दुभाषी म्हणून विश्रामबागेतली सोनम, जपानी शिकलेली. दोन्ही मळे बघून झाल्यावर ओगावाबाईंनी सगळ्यांना वायनरीच्या पडवीत बसवलं आणि जपानहून आणलेली एक बाटली उघडली.

"प्यायची नाही ज्यांना, त्यांनी फक्त वास घ्या, असं त्या म्हणतायत," सोनम म्हणाली.

मनुबाईनं पेला नाकाशी नेला आणि लगेच लांब धरला. "आगं बया, ही दारूच हाय की."

विजयमालेनं डोळे मिटून वास घेतला. आधी काहीच नाही, ओल्या दगडासारखं. मग एकदम पपनसाची साल सोलावी आणि तिचा फवारा बोटांवर उडावा, तसं. तिनं पेला खाली ठेवला, परत उचलला. वास तिथंच होता.

"पपनस," ती म्हणाली.

सोनमनं ते सांगितलं तेव्हा ओगावाबाईंनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. मग त्यांनी पर्समधून औषधाची एक छोटी बाटली काढली. आत निळं पाणी. त्यातला एकच थेंब त्यांनी विजयमालेच्या पेल्यात टाकला, पेला हलवला आणि थोड्या वेळानं पुन्हा तिच्यापुढं धरला. पपनस गेलं होतं. राहिलं होतं नुसतं आंबूस पाणी.

"हे तांब्याचं पाणी आहे," सोनम सांगू लागली. "म्हणजे आपलं मोरचूद. ह्या द्राक्षाच्या वासाला तांबं धरून ठेवतं, मग तो सुटतच नाही. जपानातही लोक आधी बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं पाणी, मारायचे, म्हणून त्यांची वाइन बिनवासाची व्हायची आणि बाहेर कोणी घेत नव्हतं. मारायचं थांबवलं तेव्हा वास आला, तेव्हाच जगाला कळलं. म्हणून ह्या टोप्या. पाऊस घडावर पडू द्यायचा नाही म्हणजे मोरचूद लागत नाही. मणी धरल्यापासून तोडणीपर्यंत तांब्याचा एक कणही नको."

हंबीररावानंही पेला हुंगला होता. दोन्ही वेळा. त्याच्या गालात तंबाखूची गोळी होती. त्यानं मान डोलावली. "व्हय व्हय, लय फरक हाय." विजयमाला त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिला कळलं, ह्याला काही आलेलं नाही. ना आधीचं, ना नंतरचं.

*

फेब्रुवारीच्या मध्यावर आभाळ आलं. दोन दिवस सूर्य दिसला नाही, तिसऱ्या दिवशी पहाटे भुरभुर सुरू झाली. घोगरवाडीत आभाळ आलं की माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, सरळ पिंपाकडे जातात. मोरचूद एका पिंपात, चुना दुसऱ्या पिंपात, दोन्ही एकत्र ओतायचं, विळ्याचं पातं बुडवून बघायचं. पात्यावर तांबूस चढलं तर चुना कमी. बापजाद्यांनी हेच केलं होतं. डाऊनीची बुरशी एकदा पानाखाली पांढरी दिसली की बाग गेली, ही भीती सगळ्यांच्या हाडात होती.

विजयमालेच्याही होती. ती पहाटे कंदील घेऊन मांडवाखाली गेली आणि एकेक पान हातानं उलटं करून बघत फिरली. टोप्यांवर टपटप वाजत होतं. घडांची साल कोरडी होती. दहा पानं खराब दिसली, ती खुडून तिनं परातीत घेतली आणि चुलीत घातली. मोरचुदाचं पोतं गोठ्यात होतं. ती त्याच्यापाशी उभी राहिली, थोडा वेळ. मग बाहेर आली आणि कडी लावली.

उजाडायच्या सुमारास शेजारच्या मळ्यात फवारणीच्या ब्लोअरचा आवाज आला. ती बांधावर गेली. हंबीररावाचा ट्रॅक्टर ओळीतून फिरत होता आणि मागून निळसर धुकं वर मांडवात घुसत होतं. ट्रॅक्टरवर हाफिज होता, मिरजेचा, आठ वर्षं हंबीररावाकडे फवारणीला असलेला. तोंडाला रुमाल. हंबीरराव पिंपाजवळ बांधाला पाठ करून उभा होता, हातात पाण्याचा पाइप, त्याचं टोक पिंपात सोडलेलं.

 ती बाभळीमागं उभी राहिली.

दुपारी ऊन पडलं तेव्हा हंबीररावानं टेम्पो भरून बाहेरगावच्या बाया आणून दोन एकराच्या सगळ्या टोप्या काढल्या आणि नव्या घातल्या. काढलेल्या ओढ्याकडेच्या खड्ड्यात पेटवून दिल्या. विजयमाला संध्याकाळी म्हशीला पाणी पाजायच्या निमित्तानं तिथं गेली. खड्ड्यात राख होती, पण वाऱ्यानं उडालेली एक टोपी घाणेरीत अडकली होती. तिच्या आतल्या बाजूनं, जिथं घडाचं डोकं टेकतं तिथं, निळे ठिपके वाळले होते. तिनं ती टोपी घडी करून कनवटीला लावली.

हाफिज ओढ्यात ब्लोअरच्या नळ्या धूत होता. त्यानं तिला बघितलं.

"काकी," तो हळू म्हणाला, "मी म्हटलं मालकांस्नी. म्हटलं बाई नको म्हणून गेल्यात. म्हणालं, बाई जपानात, आन् डाऊनी हितं."

"बरं."

"तुमी कुणाला बोलू नका. माझ्यावर यील."

"मी कशाला बोलू," विजयमाला म्हणाली. आणि ते तिनं मनापासून म्हटलं होतं.

*

रविवारी मानसिंग आला. जेवताना त्याला देवळीत पत्रिकांच्या गठ्ठ्यावर ती टोपी दिसली. त्यानं उलटून बघितली, नखानं निळा ठिपका खरवडला.

"हे आपलं न्हवं."

"न्हाई."

"हंबीरचं?"

तिनं त्याच्या ताटात भाकरी वाढली. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला.

"सांगून टाक वायनरीला. आजून महिना-सव्वा महिना हाय तोडणीला. धुता ईल. न्हाईतर त्याचा माल बाजूला काढून दुसऱ्या कशात घालतील."

"म्हणून तर सांगायचं न्हाई."

त्यानं वर बघितलं. तिनं लोटा पुढं सरकवला.  जाताना पायऱ्या उतरून तो थांबला, मांडवाच्या दिशेला तोंड करून उभा राहिला, आणि मग नेहमीच्या लांबच्या वाटेनं एसटीकडे गेला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात हंबीररावानं हाफिजला काढलं. कारण सांगितलं की ब्लोअर बिघडवला. गावाला ते पटलं. विजयमालेला खरं कारण माहीत होतं: चार दिवसांनी ओगावाबाई पुन्हा येणार होत्या, आणि हाफिजला खोटं बोलता येत नव्हतं. तो सामानाची पिशवी घेऊन तिच्या दारावरून गेला. ती अंगणात जोंधळा पाखडत होती. तिनं मान वर केली नाही.

ओगावाबाई आल्या. ह्या वेळी त्यांनी प्रत्येकाला समोर बसवून विचारलं, सोनम मध्ये.

"मणी धरल्यापासून तांबं मारलं का? मारलं असेल तरी हरकत नाही, आत्ता सांगा. आपण घड धुऊ, नाहीतर तेवढा माल वेगळा काढू, त्याची दुसरी वाइन होईल. नुकसान होणार नाही. पण नंतर काही करता येणार नाही."

"देवाशप्पथ न्हाई," हंबीरराव म्हणाला. "बाईंनी सांगितलं म्हंजे सांगितलं."

मग विजयमालेची पाळी आली.

"तुमच्या मळ्यात?"

"न्हाई."

ओगावाबाईंनी आणखी काहीतरी विचारलं. सोनम म्हणाली, "त्या विचारतायत, शेजारून काही उडून आलंय का? वाऱ्यानं? काही दिसलं का तुम्हाला?"

हंबीरराव चार हातांवर खांबाला टेकून उभा होता. त्यानं पुडी उघडली होती, ती तशीच हातात राहिली. विजयमालेनं त्याच्या हाताकडे बघितलं, मग ओगावाबाईंकडे.

"माझ्या घडावर कायबी उडालेलं न्हाई," ती म्हणाली. ते खरं होतं. वारा त्या दिवशी तिच्या मळ्याकडून पलीकडे वाहत होता.

हंबीररावानं तंबाखू मळायला घेतली. परत जाताना तो तिच्या बाजूनं चालू लागला. "वैनी, जुनं समदं इसरून जायचं आसतंय. भावकी हाय शेवटाला."

"व्हय की, भावजी."

तोडणीच्या आधी ओगावाबाईंनी तिच्या मांडवाखाली मीटर काढलं. वरच्या पाकळीचे मणी, मधले मणी, शेपटीचे मणी, तिन्ही एकत्र पिळले. नळी डोळ्याला लावली, मग विजयमालेच्या हातात दिली.

"सतरा," विजयमालेनं वाचलं.

"सतरा छान," सोनम म्हणाली. "ह्या वाणाला सतराच हवी. जास्त नको."

विजयमालेनं नळी आणखी थोडा वेळ डोळ्याला धरून ठेवली. आत निळी-पांढरी रेघ होती, ती हलत नव्हती.

*

जूनच्या शेवटच्या रविवारी वायनरीत चव घ्यायला बोलावलं. वीरधवल होते, ओगावाबाई होत्या, सोनम होती, आणि गावातले सगळे बागायतदार होते. हंबीररावानंच त्यांना आणलं होतं, दोन जिपा करून. त्याच्या खांद्यावर इस्त्रीचं उपरणं होतं. हाफिजही गेटपाशी आलेला दिसला. त्याला विजयमालेनं मनुबाईच्या लेकाकरवी निरोप धाडला होता.

मानसिंग तिला स्कूटरवरून घेऊन आला. आत यायला मात्र त्यानं नाही म्हटलं. गेटबाहेर लिंबाखाली, जिथं नऊ वर्षांपूर्वी ट्रॅक्टर उभा होता, तिथं तो स्कूटर लावून थांबला.

दोन पेले. एक विजयमालेच्या प्लॉटचा, एक हंबीररावाच्या. दिसायला दोन्ही सारखे, विहिरीच्या पाण्यासारखे. ओगावाबाईंनी पहिला हुंगला आणि हुंगतच राहिल्या. मग दुसरा हुंगला. पुन्हा पहिला. पुन्हा दुसरा. त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्या वीरधवलांना काही बोलल्या. वीरधवलांनीही दोन्ही हुंगले.

"हंबीरराव, तुमच्या पेल्यात काहीच नाही हो."

"म्हंजे?"

"वास नाही. पाणी आहे नुसतं. हा विजयमालाताईंचा बघा."

"आसं कसं आसंल," हंबीरराव हसला. "एकच काडी, एकच माती. मधी बांध हाय फकस्त. टाकीत काय झालं आसंल."

"टाकी सारखी आहे," सोनम ओगावाबाईंचं बोलणं सांगत होती. "सगळं सारखं होतं. त्या म्हणतायत, तांबं तर कुणी मारलं नाही म्हणालात, मग फरक का पडला ते त्यांना कळत नाही. कदाचित तुमच्या मळ्याची जमीनच ह्या वाणाला चालत नसेल."

हंबीररावानं ते धरलं. "जमीन. आसंल बाबा. जमिनीला कोण काय करणार."

बागायतदारांनी माना हलवल्या. कुणाच्या हातात नसतं ते. विजयमाला उठली.

तिनं पदराची गाठ सोडली. आत मोरचुदाचा खडा होता, ज्वारीच्या दाण्याएवढा, गोठ्यातल्या पोत्यातला. तिनं तो नखानं फोडला, त्यातला कण बोटावर घेतला आणि आपल्याच वाइनच्या पेल्यात टाकला. पेला हलवला.  कण तळाशी विरघळेपर्यंत ती उभी राहिली, मग तो पेला तिनं ओगावाबाईंच्या हातात दिला.

ओगावाबाईंनी हुंगला. हंबीररावाचा पेला हुंगला. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले.

"सारखे झाले," सोनम हळू म्हणाली. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं.

विजयमालेनं पिशवीतून घडी केलेली टोपी काढून टेबलावर उलगडली. निळे ठिपके आता फिकट झाले होते, पण होते.

हंबीररावानं टोपीकडे बघितलं. "हे हाफिजचं काम," तो म्हणाला. "म्हणूनच काढला मी त्याला. मला न इचारता मारलं आसंल त्यानं."

"पाइप तुमच्या हातात हुता, भावजी," विजयमाला म्हणाली. "पिंपाजवळ तुमी उभं हुता, बांधाकडं पाठ करून. अंगात पिवळी बंडी. हाफिज म्हणाला नको, तवा तुमी म्हणाला, बाई जपानात आन् डाऊनी हितं. हाफिज भाईर हाय. इचारू का?"

हंबीररावाचा कान लाल झाला, एकच, डावा. मागं कुणीतरी हसलं. कोण ते विजयमालेनं वळून बघितलं नाही.

वीरधवलांनी पेला बाजूला सारला. "हंबीरराव, तुमची टाकी आपण ठेवणार नाही. आणि चाळीस एकराचं आता मालाताईंशी बोलतो. तुमच्याकडे पुढच्या वर्षी ही काडी नको."

हंबीरराव उठला. त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. तो ओगावाबाईंसमोर गेला, परदेशी बाईसमोर, आणि त्याचे हात आपोआप पोटावर एकमेकांत आले. "एकदा परत बघा की," तो म्हणाला.

सोनमनं ते जपानीत सांगितलं. ओगावाबाईंनी मान हलवली, नाही. मग त्या विजयमालेकडे वळल्या आणि हळू आवाजात बरंच काही बोलल्या. सोनम अडखळली.

"काकू, त्या म्हणतायत... तुम्हाला मार्चमध्ये माहीत होतं. मी तेव्हा विचारलं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर दोन एकर वाचले असते. का नाही सांगितलं?"

सगळे तिच्याकडे बघत होते. हंबीररावसुद्धा.

"तवा द्राक्षं वेलीवर हुती," विजयमाला म्हणाली. "परत धाडायला माल आधी गाडीत भरावा लागतो."

सोनमनं ते सांगितलं की नाही, विजयमालेला कळलं नाही. ओगावाबाई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ती निळ्या ठिपक्यांची टोपी घडी घालून आपल्या वहीत ठेवली आणि वही मिटली.

*

गेटपाशी हाफिज कठड्यावर बसला होता.

"आता तुज्यावर कायबी न्हाई," विजयमाला त्याला म्हणाली. "समद्यांसमोर बोलले मी. उद्यापासनं माझ्याकडं ये."

तो उठला. साडेतीन महिन्यांत तो वाळला होता. वीटभट्टीवर होता म्हणे, हाताच्या कातड्याला भेगा पडल्या होत्या.

"काकी, मी त्या दिवशी तुमच्या दारावरनं गेलो. तुमी जोंधळा पाखडत हुता."

"व्हय."

"तुमास्नी ठावं हुतं, मला का काढलं."

तिनं त्याच्या भेगाळल्या हातांकडे बघितलं.

"बघतो," हाफिज म्हणाला आणि मिरजेच्या रस्त्याला लागला. तो येणार नाही हे दोघांनाही कळलं. विजयमालेनं त्याला हाक मारली नाही. हाफिजचं हे देणं तिच्या नावावर राहणार होतं, आणि तिनं ते राहू दिलं.

लिंबाखाली मानसिंग स्कूटरला टेकून उभा होता. आतून जिपा बाहेर पडल्या. पहिल्या जिपेत हंबीरराव पुढच्या सीटवर होता, काच वर केलेली, नजर सरळ. बागायतदार सगळे दुसऱ्या जिपेत दाटीवाटीनं बसले होते.

"काय झालं?" मानसिंगनं विचारलं.

"परत धाडला."

"काय म्हणाला त्यो?"

"एकदा परत बघा की, म्हणाला."

मानसिंग जिपांच्या मागं बघत राहिला. रस्त्यावरची धूळ खाली बसेपर्यंत. 

"आपल्याला तीन तास उभं केलं हुतं," तो म्हणाला.

"त्याला चार महिनं उभा केला मी. त्याला ठावंबी नव्हतं."

त्यानं किक मारली. ती मागं बसली, पदराचं चुरगळलेलं टोक सारखं करत. नखाच्या कडेला मोरचुदाचा निळा डाग राहिला होता, तो थुंकी लावून घासला तरी जात नव्हता. ओढ्याच्या पुलापाशी रस्ता फुटतो, डावीकडे घर, उजवीकडे मळा. मानसिंगनं तिथं गाडी हळू केली. 

त्यानं गाडी उजवीकडे घातली.